टेस्टचा फोटो

मावशी, तुझ्या पुण्यानुमोदनाला आम्ही तुझा सगळ्यात वाईट फोटो लावला. तुझा म्हणजे तू काढलेला. बेसाच्या समाजभवनात, स्टेजवर, तुझ्या हार घातलेल्या तसबिरीच्या मागे भिंतभर फ्लेक्स. वर ‘आदरांजली’, खाली समितीचं नाव, आणि मध्ये तो फोटो: अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, त्यांच्यात वाकलेल्या सुमनबाई, आणि सगळ्यावर पसरलेला पांढुरका धुरकटपणा. लोक येत होते, फुलं वाहत होते, मागे बघून म्हणत होते, “काय फोटो आहे! धूळ नाकात गेल्यासारखी वाटते.”

ती धूळ नव्हती. हे त्या भवनात दोघांनाच माहीत होतं, मला आणि मावसाजींना. तिसरी तू, आणि तू तसबिरीत होतीस.

भंतेजींनी त्रिशरण पंचशील सुरू केलं. लहानपणापासून पाठ आहे, तोंड आपोआप चालतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या दिवशी चौथ्याला माझं तोंड चाललं नाही. शेजारी मावसाजींनी डोळे मिटले होते, पण त्यांचाही आवाज तिथे बारीक झाला, हे मी ऐकलं. पाचव्याला आम्ही दोघं पुन्हा सगळ्यांबरोबर आलो.

मग मला बोलायला उभं केलं. माईक हातात आला की मला थांबता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, “मावशीच्या या एका फोटोनं एका गावाला चेहरा दिला.” माना हलल्या. कोणीतरी डोळे पुसले. तुझ्या पुण्यानुमोदनात, तुझ्यासमोर, शील घेऊन दहा मिनिटं झाली नसतील, आणि मी पुन्हा तेच केलं.

मी पत्रकं लिहिते. त्याचं शास्त्र मला समितीतल्या मोठ्यांनी शिकवलं. वर एक प्रश्न, मध्ये मागण्या, खाली हाक. ‘कदाचित’, ‘बहुतेक’, ‘असं दिसतं’ हे शब्द कुठेच नाहीत. पत्रक वाचणारा बसस्टॉपवर उभा असतो, त्याला ‘कदाचित’ वाचायला वेळ नसतो. आता ते शास्त्र इथे चालत नाही. तुझ्याकडे मागायला काही उरलं नाही आणि हाक मारून तू येणार नाहीस. माफीही मागत नाही. ‘जाहीर माफी मागा’ हे मी इतक्या पत्रकांत लिहिलं आहे की तिच्यावर माणूस किती स्वस्तात सुटतो ते मला पक्कं ठाऊक आहे.

तू बँकेत काउंटरवर बसायचीस आणि उरलेल्या वेळात लेन्स निवडायचीस. फोटो काढायचीस असं मुद्दाम म्हणत नाही. फोटो तू पटकन काढायचीस. निवडायला तुला महिने लागायचे. आपल्या घरातलं एक बारसं, एक मंगलपरिणय, पहिला वाढदिवस तू सोडला नाहीस, आणि प्रत्येकाला कोणती लेन्स न्यायची याचा घरात असा खल व्हायचा की मावसाजी म्हणायचे, “अवं, पोराचं नाव एवढ्या वेळात नाही ठरलं.” दोन खोल्यांच्या घरात बारसं असलं की पस्तीस मिलिमीटरची, जवळूनही सगळ्यांना मावून घेणारी. “मागं भिंत आहे, मी का भिंतीत घुसू?” हॉलमधल्या लग्नाला पंच्याऐंशीची. “नवरी रडते तवा तिच्या तोंडात कॅमेरा खुपसू नाही. दूर उभं राहावं, तिले रडू द्यावं.”

नवी लेन्स म्हणजे कोणाची तरी जुनीच. सीताबर्डीच्या गल्लीतून कागदात गुंडाळून यायची. आली की आधी टॉर्च. एका बाजूनं उजेड पाडायचा आणि दुसऱ्या बाजूनं डोळा लावून आत बुरशी आहे का, जाळं आहे का, ते बघायचं. मग भिंतीवर रविवारच्या पेपरचं वधूवर पान चिकटवायचं, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, बसवायचा, लेन्स पूर्ण उघडायची आणि काढायचा. मग कॉम्प्युटरवर तो फोटो मोठा करत करत कोपऱ्यापर्यंत जायचं. मी लहान होते तेव्हा शेजारी बसून तुला वाचून दाखवायचे.

“‘गोरी पाहिजे’ दिसते. ‘पगारदार पाहिजे’ दिसते.”

“कोपऱ्यात का लिहिलं आहे?”

“कोपऱ्यात सगळं वाहून गेलं.”

“मंग परत कर म्हणा त्याले. कोपऱ्यात घटस्फोटित चालेल असं लिहिलं असलं तर? त्या बिचारीचं स्थळ जाईल ना.”

मोठी झाल्यावर मी त्या पानावर चिडायला लागले. तुला अक्षरं दिसायची, मला जात आणि रंग. मी म्हणायचे, हे पान जाळलं पाहिजे. तू म्हणायचीस, “जाळ. पण मले टेस्ट करू दे आधी. याच्याहून बारीक अक्षर अख्ख्या पेपरात नसते.”

पानानंतर कढीपत्त्याचं झाड, त्यानंतर माझा चेहरा. खिडकीपाशी स्टुलावर मी, आणि तू माझी एक-एक पापणी वेगळी दिसते का ते पाहणारी. ते फोटो तू मला कधी दिले नाहीस. मी एकदा हट्ट धरला होता. तू म्हणालीस, “टेस्टचा फोटो हा फोटो नसते. तो लेन्सचा एक्स-रे असते. कोणी आपला एक्स-रे फ्रेम करून लावते का?”

हा तुझा एकच नियम होता. टेस्टचा फोटो कोणाला द्यायचा नाही.

आणि मी तुला काय काय बोलले! गावं धुळीत मरून राहिली आहेत आणि तू पापण्या मोजतेस. पोट भरलेल्यांचा छंद आहे तुझा. एवढ्या काचा जमवल्यास, त्यातून काय पाहिलंस? केक! मी जेवता जेवता बोलायचे आणि तू मला वाढता वाढता ऐकायचीस. एकदाच तू उत्तर दिलंस. भाताची वाटी हातात तशीच ठेवून विचारलंस, “आपल्या आजीचा एक तरी फोटो आहे का घरात?”

“नाही.”

“काहून नाही? कॅमेरा नव्हता म्हणून? वस्तीत एकाजवळ होता. पण हिचा फोटो काढावा असं कोणाले वाटलंच नाही. तिलेही नाही वाटलं. तू जा, दुनियेचं भलं कर. मी आपल्या लोकांचे चेहरे सांभाळून राहिली.”

मी विषय बदलला. तेही शिकवलेलं आहे.

ज्या लेन्सनं तो फ्लेक्सवरचा फोटो निघाला, ती तू मागच्या थंडीत आणलीस. रिळाच्या जमान्यातली, जड, पितळी. जुन्या लेन्समधून चेहरे मऊ येतात, असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. टॉर्च लावलास तर आतल्या काचेवर पांढरट थर. “साय धरली आहे,” तू म्हणालीस, दुधाबद्दल बोलावं तशी. उघडून साफ करून घ्यायची होती, पण त्याआधी ही साय उन्हात किती त्रास देते ते तुला पाहायचं होतं. मला त्याच दिवसांत गाडी पाहिजे होती. आमची समिती उमरेड रोडच्या आत एका गावात काम करत होती. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचा अर्ज अजून चालू आहे. गावाच्या कडेला दगड फोडून गिट्टी करणारा क्रशर आहे, आणि त्याची भुकटी घरांवर, पिकांवर, पाण्याच्या हंड्यांवर बसते. मी म्हटलं, मावशी, गाडी काढ. तू म्हणालीस, “काढते. उघड्यावर टेस्ट होऊन जाईल.”

वाटेत आपण भांडलो. मी तावातावानं सांगत होते की शहर गिट्टी खातं आणि गाव धूळ खातं. तू गिअर बदलत म्हणालीस, “आपलं बेसाचं घर कशानं बांधलं वं? गिट्टी का आभाळातून पडली होती?” मी म्हटलं, तो मुद्दा वेगळा आहे. तू म्हणालीस, “वेगळा कसा? मीही त्याच्यात आहे, तूही आहे. तसं लिही ना पत्रकात.” हा वाद तिथेच अर्धा राहिला, कारण गाव आलं.

सुमनबाईंचं घर क्रशरच्या बाजूला पहिलंच. दीड एकरात मिरची, आणि अंगणात ती वाळत घातलेली. मी त्यांच्याशी बोलत होते, मागण्या लिहून घेत होते. तू मागे काय करत होतीस त्याकडे माझं लक्षही नव्हतं. तू सूर्याकडे तोंड करून त्या सायीच्या लेन्सनं काढलेस, मुद्दाम, साय किती पसरते ते बघायला. मग रोजची पन्नासची लावून तिथूनच पुन्हा काढलेस.

दोन दिवसांनी तू मला पेनड्राइव्ह दिलास. त्यात दोन फोल्डर होते. एकाचं नाव ‘फोटो’, दुसऱ्याचं ‘टेस्ट’. दुसरं तू पुसायला विसरलीस, आणि मी ते उघडलं.

‘फोटो’मधले फोटो स्वच्छ होते. मिरच्या लालभडक, सुमनबाईंच्या बांगड्या, हाताच्या शिरा. मसाल्याच्या पाकिटावर शोभतील असे. धूळ होती, पण ती देठांवर होती, घडीघडीत होती, नीट पाहिलं तर करडी दिसत होती. पत्रकाच्या स्वस्त कागदावर कोण नीट पाहणार? आणि ‘टेस्ट’मध्ये तो एक. लाल रंग फिका पडलेला, मागचा क्रशर विरघळलेला, सुमनबाई जणू भुकटीत बुडालेल्या. मी खुर्चीतून उठले. हाच, म्हटलं.

मी त्या फोटोत काहीही बदललं नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते घोषणेसारखं वाटतं. मी फक्त खाली एक ओळ टाकली: ‘हे धुकं नाही. ही आमच्या श्वासातली धूळ आहे.’ त्याखाली तुझं नाव.

तू फोन केला नाहीस. पत्रक घेऊन थेट आमच्या घरी आलीस, चप्पल न काढता दारातच उभी राहिलीस.

“हे काहून छापलं?”

“भारी आहे म्हणून.”

“ही लेन्सची साय आहे, पोट्टी.”

“तिथे धूळ आहे की नाही?”

“आहे.”

“मग?”

“मंग धुळीचा फोटो छाप. हा सायीचा आहे.”

“लोकांना काय फरक कळतो?”

“म्हणूनच तर,” तू म्हणालीस.

मी पुढे बरंच बोलले. सत्य मोठं असतं, फोटो लहान असतो. ते लोक खोटे कागद रंगवतात आणि आपण एका काचेच्या सायीवरून भांडायचं का. असं काय काय. तू ऐकून घेतलंस आणि चहा न घेता गेलीस. आपल्या घरून तू चहा न घेता कधी गेली नव्हतीस.

फोटो चालला. मोबाइलवर फिरला, पेपरात आला. साहेब लोक पाहणीला आले. क्रशरला पत्र्याचं आवरण आणि पाण्याचे फवारे लावण्याची नोटीस निघाली. फवारे साहेब येतात त्याच दिवशी चालतात, ती गोष्ट वेगळी, पण लागले. पुढच्या सुनावणीत क्रशर हलवायचा की नाही ते ठरणार होतं. मग गावातल्या एका बैठकीत क्रशरवाल्यांचा माणूस उठला. फोटो कॉम्प्युटरवर बनवलेला आहे, म्हणाला. आमच्या समितीचे नितीनदादा मला म्हणाले, तुझ्या मावशीला बोलव.

मी तुला बोलावलं. तू आलीस. बँकेत जायचीस ती फिकी निळी साडी नेसून. तुला विचारलं, फोटो तुम्हीच काढला? “हो.” नंतर त्यात काही केलं? “काहीच नाही केलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात. तू खाली बसलीस आणि बैठक संपल्यावर गावापासून बेसापर्यंत गाडी चालवलीस. घराच्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणालीस, “मी खोटं नाही बोलली. पण खरंही नाही बोलली. त्याइनं लेन्सचं विचारलंच नाही.”

“विचारलं असतं तर?”

“तर सांगितलं असतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तू मले बोलावलं तवा हा विचार केला होता का, का मी सांगून देईन म्हणून?”

केला होता, मावशी. आणि मला खात्री होती की ते लेन्सचं विचारणार नाहीत. त्यांना काय फरक कळतो!

याच ठिकाणी मला तुझा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. तू त्याच बैठकीत सगळं सांगून टाकायला हवं होतंस. मला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतंस. पापणी जरा हलली तर अख्खी लेन्स परत करणारी बाई तू, आणि मला एवढी सूट का दिलीस? भाची म्हणून? मग माझ्या पत्रकांतले ते साहेब तुझ्याहून वेगळे काय, जे आपल्या माणसाला सांभाळून घेतात? बघ, मी तुझ्यावरच पत्रक काढायला लागले. ते सोपं पडतं. स्वतःवर काढता येत नाही.

तू सूट दिली नव्हतीस, हे मला नंतर कळलं. तू वाट काढत होतीस. त्यानंतर प्रत्येक भेटीत तुझं एकच. “मले त्या गावाले ने. गाडी मी काढते, पण तुह्याबिगर तिथं मी कोण? त्या मिरच्या उचलायच्या आत ने. मी बरोबर फोटो काढून देते, मंग तो बदलून टाक.” मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. रविवारी मोर्चा असायचा, बैठक असायची, नाहीतर मी म्हणायचे की आहे. खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. नवा फोटो द्यायचा म्हणजे जुना का काढला ते सांगावं लागणार होतं.

एकदा तुझ्याकडे आले तर गच्चीवर मावसाजींचा आरडाओरडा. तू शेजारच्या बांधकामावरून क्रशरची चुरी पिशवीत भरून आणली होतीस आणि पिठाच्या चाळणीतून ती कढीपत्त्याच्या झाडावर चाळत होतीस.

“आता भाजीत का गिट्टी टाकू?” मावसाजी म्हणत होते. “आणि ती चाळणी पिठाची आहे, सांगून ठेवतो!”

“नवी आणते ना. बाजूला व्हा, सावली पडून राहिली.”

झाडासमोर तिकाटणं, आणि तुझ्या सगळ्या लेन्स चटईवर मांडलेल्या. तू एक-एक लावून पानावरची चुरी काढून पाहत होतीस. कोणत्या लेन्सनं कण वेगळे दिसतात, ऊन कुठून आलं की धूळ पानापासून सुटी दिसते. मी जिन्यातच थांबले आणि म्हटलं, “मला खोटं म्हणतेस, आणि स्वतः खोटी धूळ पाडून फोटो काढतेस?”

मला वाटलं होतं तू चिडशील. तू चाळणी ठेवलीस, हात झटकलेस. “हे टेस्ट आहे, पोट्टी. याच्यात मी लेन्सले विचारून राहिली, का तू खरं दाखवतं का? ते मले घरी विचारू दे. तिथं गेल्यावर नाही विचारत बसायचं.” मग कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरलास. पानाच्या शिरेवर एक-एक कण बसलेला. “पाय. अशी असते धूळ. ती बसते. तुह्या फोटोत ती उडून राहिली. धूळ दाखवायची तर साय नाही पाहिजे, धार पाहिजे.”

मला ते कळलं होतं. मी उभ्या उभ्या कबूल करायला हवं होतं. मी घड्याळात पाहिलं आणि म्हटलं, “पुढच्या रविवारी नक्की.”

त्या रविवारी आम्ही तुला घेऊन घाटावर गेलो.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी नितीनदादांना सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत. त्यांनी त्या गावासाठी माझ्याहून जास्त उन्हातान्हात काढलं आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. “आता? सुनावणी तोंडावर असताना?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तुझ्या मावशीचं नाव खराब होईल, त्याचं काय? त्या माउलीला आता तरी सोड.”

मावशी, खरं सांगते, मला बरं वाटलं. तुझं नाव पुढे केलं की मला गप्प बसता येत होतं, आणि वर चांगली भाचीही म्हणवून घेता येत होतं. त्यांच्याकडून चौकापर्यंत येईस्तोवर मी गप्प बसायचं जवळजवळ ठरवलं होतं. घरी आले, तो फ्लेक्स कोणीतरी आमच्या व्हरांड्यात आणून ठेवला होता, गुंडाळून, सुतळीनं बांधून. माझ्या आईनं विचारलं, “याचं काय करायचं? पुन्हा कामाचा आहे का?” कामाचा. हो. पुढच्या सभेला, पुढच्या वर्षी, तुझ्या प्रत्येक स्मृतिदिनाला. तुझ्या नावासह. उद्या मी मेले तरी तो कामाचाच राहील.

मी मावसाजींकडे गेले. त्यांनी काही न विचारता तुझी बॅग आणून दिली. “गच्चीवर तिनं निवडून लावून ठेवली होती ती लेन्स तशीच आहे. काढू नको. तुले कॅमेरा चालवता येते का?”

“नाही.”

“मलेही नाही. जन्मभर मी फक्त छत्री धरली.” मग चपला घालत म्हणाले, “चल, मी येतो. छत्री धरायला लागन.”

सुमनबाई अंगणातच होत्या. मिरच्या संपत आल्या होत्या, एकाच चटईवर उरल्या होत्या. क्रशर चालू होता. त्यांनी आमच्या मागे गाडीकडे पाहिलं. “मौशी नाही आल्या?”

मी सांगितलं. त्या खाली बसल्या. मग उठून मावसाजींना बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. आणि मी मग ते दुसरंही सांगितलं. लेन्स, साय, पेनड्राइव्ह, सगळं. पत्रकात सांगतात तसं नाही, अडखळत.

“म्हणजे धूळ खोटी?”

“धूळ खरी. फोटो खोटा.”

“मंग आता ते म्हणतील, बाई खोटी.” त्यांनी मिरच्यांवर हात आपटला. “फोटोत कोण हाये? तुही मौशी नाही. तू नाही. मी हाये! लोक मले वळखतात त्या फोटोनं. तुले मोकळं व्हायचं हाये तर तुह्या घरी हो ना. आमचं काम काहून बुडवून राहिली?”

मावसाजी मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं की हे क्रशरवाल्यांना आधी कळलं तर तुमचं खरंही बुडेल. आपण आधी सांगितलं तर निदान...

“हे छापलं तवा नाही सुचलं?”

“नाही.”

“तुह्या मौशीले सुचलं होतं?”

“हो. तिला पहिल्याच दिवशी. ती दर वेळी म्हणत होती, मला तिथे ने. मी नेलं नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यावर खूप लोक ओरडले आहेत, मावशी. पोलीस ओरडले आहेत. असं कोणी पाहिलं नव्हतं. क्रशर घरघरत होता आणि आमच्या अंगावर, पाण्याच्या तांब्यावर, मावसाजींच्या चष्म्यावर बारीक करडं काहीतरी येऊन बसत होतं. मी उठले, बॅगेतून कॅमेरा काढला, सूर्य पाठीशी घेतला, तू गच्चीवर घेत होतीस तसा, आणि डोळ्याला लावला.

सुमनबाईंनी पंजा आडवा धरला.

“तुह्या मौशीनं तवा पहिले मले विचारलं होतं. ‘काढू का?’ मी हो म्हटल्यावर काढला. ते काचेची परीक्षा घेऊन राहिली तरी विचारलं तिनं. तू तर अख्ख्या जिल्ह्यात छापला, आन् विचारलं नाही.”

कॅमेरा खाली आला. मी त्या दिवशी पाच हातांवर होते. मागण्या लिहीत होते. आमच्या पत्रकात ‘गावाच्या संमतीशिवाय’ हे शब्द ठळक अक्षरात असतात.

“काढू का?” मी विचारलं.

त्या मिरच्या परतत राहिल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग मान वर न करता विचारलं, “कोणाकोणाले दाखवशील?”

“सगळ्यांना. सुनावणीतही. जुना आणि नवा, शेजारी शेजारी. जुना कोणी निवडला, खालची ओळ कोणी लिहिली, ते त्याखाली.”

“तुहं नाव लिहिशील?”

“हो.”

“मौशीचं नाही?”

“तिला तो द्यायचा नव्हता, एवढंच लिहीन.”

“तुहं मोठ्या अक्षरात लिही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे कोणी मले विचारायले आलं, तर मी बोट ठेवून दाखवीन.”

“लिहिते.”

“मंग काढ. आन् छापायच्या पहिले मले आणून दाखव.”